हिशेबनिसाचा लेखी करार : व्यापारी संघटनांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील व्यापारी व लघुउद्योग संघटनांचे पदाधिकारी आणि सभासद

विषय : स्वतंत्र हिशेबनीस व त्यांचे ग्राहक यांच्यासाठी लेखी कराराचा नमुना संघटनांनी स्वीकारावा



स्वतंत्र हिशेबनीस कोणा एका मालकाच्या पगारावर नसतो. अनेक दुकानदार, कारखानदार, डॉक्टर, गृहनिर्माण संस्था यांचा जमाखर्च तो ठरलेल्या फीवर लिहितो. बिले आणि व्हाउचरे नोंदवणे, बँकेशी मेळ घालणे, येणी-देणी काढणे, जीएसटी व टीडीएसची आकडेवारी तयार करणे आणि वर्षाअखेर तेरीज जुळवून ती सीएच्या हाती देणे, एवढा या कामाचा आवाका असतो. सीएंसाठी १९४९ चा स्वतंत्र कायदा आणि त्याखालची संस्था आहे. लेखापरीक्षणाच्या अटी लेखी ठरवाव्यात, असे त्यांचे २१० क्रमांकाचे मानकच सांगते. हिशेबनिसासाठी असा कायदा नाही, परवाना नाही आणि लेखी आचारसंहिताही नाही. ग्राहकाशी झालेला करार हीच त्याची नियमावली, आणि पुष्कळ ठिकाणी हा करार निव्वळ तोंडी असतो.

तोंडी करार बेकायदा नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १० प्रमाणे सज्ञान व सक्षम पक्ष, मुक्त संमती, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश एवढे असले की करार होतो. अडचण येते ती पुराव्याची. ‘महिन्याला चार हजार, सगळं तुम्हीच बघायचं’ एवढ्यावर काम सुरू होते. व्यापाऱ्याच्या मनात त्या ‘सगळ्या’त आयकराचे विवरण, खात्याच्या नोटिशीला उत्तर, बँकेच्या कर्जासाठी लागणारा अंदाजपत्रकाचा तक्ता आणि कामगारांचा पीएफ हे धरलेले असते. हिशेबनिसाने मात्र नोंदी आणि जीएसटी एवढेच धरून फी सांगितलेली असते. पहिली नोटीस येईपर्यंत हा फरक दोघांच्याही ध्यानात येत नाही, आणि आल्यावर नेमके काय ठरले होते हे दोघांपैकी कोणालाच दाखवता येत नाही.

कराराची सुरुवात पक्षांच्या नेमक्या ओळखीने व्हावी. दुकानाच्या पाटीवरचे नाव पुरेसे नाही. एकल मालकी असेल तर मालकाचे नाव, भागीदारी असेल तर पेढीच्या वतीने सही करणारा भागीदार, कंपनी असेल तर अधिकार दिलेला संचालक, हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर कर्ता, असा स्पष्ट उल्लेख हवा. त्यासोबत पॅन आणि जीएसटी क्रमांक द्यावेत. एकाच घरातल्या तीन पेढ्यांचे काम असेल तर तीन स्वतंत्र करार करावेत, किंवा एकाच करारात तिन्ही पेढ्यांची फी वेगवेगळी दाखवावी. हिशेबनिसानेही स्वतःचा पॅन, महाराष्ट्रातील व्यवसाय कराचा नोंदणी क्रमांक आणि असल्यास जीएसटी व उद्यम नोंदणी क्रमांक नमूद करावा. तो सीए नसेल तर तसे करारात स्पष्ट लिहावे. सनदी लेखापाल नसताना तसे भासवणे हा १९४९ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय हिशेबनिसाने लिहिलेली वही लेखापरीक्षित नसते, हे ग्राहकालाही आधीच कळलेले बरे.

यानंतरचे कलम कामाच्या व्याप्तीचे. करारातले हे सर्वांत महत्त्वाचे कलम असल्याने ते दोन याद्यांत लिहावे : फीमध्ये धरलेली कामे आणि फीबाहेरची कामे. पहिल्या यादीत प्रत्येक कामापुढे ते किती वेळा होणार हेही यावे. विक्री-खरेदीच्या नोंदी आठवड्याला की महिन्याला, किती बँक खात्यांची जुळणी, मालसाठ्याचा हिशेब ठेवायचा की वर्षाअखेरचा आकडा ग्राहकाने द्यायचा, पगारपत्रक करायचे का, सीएच्या शंकांना उत्तरे कोण देणार, हे सारे तिथे लिहिलेले असावे. दुसऱ्या यादीत खात्याच्या नोटिशी, कर्जप्रकरणाचे कागद, जुन्या वर्षांच्या अर्धवट वह्या आणि नवीन नोंदणीची कामे घ्यावीत व त्यांची फी त्या त्या वेळी लेखी ठरेल असे म्हणावे. आरंभीच्या शिलकी कोठून घ्यायच्या हेही इथेच ठरावे. मागील वर्षाचा सही झालेला ताळेबंद हा त्यासाठी सर्वांत भक्कम आधार. तो नसेल तर आधी जुनी वही जुळवण्याचे काम वेगळ्या फीवर करून घ्यावे, नाहीतर जुन्या चुका नव्या हिशेबनिसाच्या नावावर जमा होतात.

व्याप्तीइतकेच वेळापत्रक महत्त्वाचे असते, कारण कराच्या तारखा कोणासाठी थांबत नाहीत. दरमहा विवरण भरणाऱ्या ठोक व्यापाऱ्याचा एक महिना उदाहरणादाखल घेता येईल. मागील महिन्याच्या टीडीएसचा भरणा ७ तारखेपर्यंत करायचा असतो, विक्रीचे जीएसटीआर-१ विवरण ११ तारखेपर्यंत जायला हवे आणि कराचे जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत. या तारखा पाळायच्या तर विक्री-खरेदीची बिले, खर्चाची व्हाउचरे आणि बँकेची विवरणपत्रे हिशेबनिसाच्या हाती ३ तारखेपर्यंत पडली पाहिजेत. ५ तारखेला टीडीएसचा आकडा ग्राहकाकडे जावा. ८ तारखेला शंकांची यादी जावी : ही रक्कम कोणी भरली, या बिलावर ग्राहकाचा जीएसटी क्रमांक का नाही, ही उचल घरखर्चाची की धंद्याची. त्यांची उत्तरे ९ तारखेपर्यंत यावीत.

१४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होते आणि पुरवठादारांनी कोणती बिले दाखवली आहेत हे त्यातून कळते. समजा, व्यापाऱ्याने एक लाखाचा माल घेऊन १८ टक्क्यांप्रमाणे १८,००० रुपये कर पुरवठादाराला दिला, पण पुरवठादाराने ते बिल आपल्या विवरणात दाखवलेच नाही. तसे झाले तर त्या महिन्यात ती वजावट घेता येत नाही आणि तेवढी रोकड व्यापाऱ्याला जास्त भरावी लागते. पुरवठादाराच्या मागे कोणी लागायचे? हिशेबनिसाने १६ तारखेपर्यंत न जुळलेल्या बिलांची यादी द्यायची आणि पुरवठादाराला फोन ग्राहकाने करायचा, अशी कामाची वाटणी करारात असली तर १९ तारखेच्या रात्री होणारी धावपळ टळते. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या आणि तिमाही योजना घेतलेल्या व्यापाऱ्यांसाठी तारखा वेगळ्या असतात, त्यामुळे वेळापत्रक करारातच न गुंफता परिशिष्ट म्हणून जोडावे. कायद्यातली तारीख बदलली तर तेवढे परिशिष्ट बदलता येते.

या कलमाची भाषा साधी असावी. नमुना असा : ‘ग्राहकाने मागील महिन्याचे सर्व कागद दर महिन्याच्या ३ तारखेपर्यंत द्यावेत. कागद वेळेत मिळूनही हिशेबनिसाच्या दिरंगाईमुळे विवरण उशिरा गेल्यास विलंब शुल्क हिशेबनीस सोसेल. कागद, शंकांची उत्तरे किंवा कराची रक्कम ग्राहकाकडून उशिरा आल्यास विलंब शुल्क व व्याज ग्राहक सोसेल. मूळ कर सर्व परिस्थितीत ग्राहकाचाच राहील.’ कर देय असलेल्या ३बी विवरणाला सामान्यतः रोज ५० रुपये विलंब शुल्क लागते आणि उशिरा भरलेल्या करावर वार्षिक १८ टक्के दराने व्याज. एका महिन्यापुरत्या या रकमा लहान वाटतात, पण भांडण पैशापेक्षा दोष कोणाचा यावर होते आणि वरच्या चार वाक्यांत त्याचे उत्तर आधीच मिळून जाते. कागद कधी मिळाले याची पोचही दोघांकडे हवी. त्यासाठी ई-मेल किंवा ठरलेल्या क्रमांकावरचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुरतो.

विवरण कोण भरणार, हा जबाबदारीचा प्रश्न आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ४८ खाली नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनर ग्राहकाच्या वतीने विवरण भरू शकतो, तरी त्यातील तपशिलाच्या अचूकपणाची जबाबदारी नोंदणीधारक व्यापाऱ्यावरच राहते, असे तेच कलम सांगते. म्हणून विवरण जाण्यापूर्वी आकड्यांना ग्राहकाची लेखी मान्यता घेण्याची पद्धत करारात असावी. हिशेबनिसाच्या चुकीमुळे झालेल्या नुकसानीला मर्यादाही तिथेच घालावी. करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवणाऱ्या नुकसानीची भरपाई मिळते, दूरान्वयाने झालेल्या नुकसानीची मिळत नाही. तरीही ठरावीक महिन्यांच्या फीइतकी कमाल मर्यादा लिहिली तर महिन्याला काही हजार घेणारी व्यक्ती लाखांच्या दाव्याखाली चिरडली जात नाही. जाणूनबुजून केलेली लबाडी या मर्यादेत धरू नये.

खोट्या बिलांबद्दल करारात तडजोड असू नये. मालाची देवघेव न होता बिल देणे आणि त्यावर वजावट घेणे हा जीएसटी कायद्याच्या कलम १३२ खाली गुन्हा आहे, आणि असा गुन्हा घडवून आणणाराही त्या कलमातून सुटत नाही. ज्या व्यवहारामागे खरा माल किंवा खरी सेवा नाही त्याची नोंद हिशेबनीस करणार नाही आणि तसा आग्रह झाल्यास तो मुदतीच्या सूचनेविना काम सोडू शकेल, असे कलम हिशेबनिसाला हवेच. प्रामाणिक व्यापाऱ्यालाही त्यात गमावण्यासारखे काही नाही.

फीचे कलम कामाच्या मापाशी बांधलेले असावे. महिन्याची ठोक फी ठेवायची असेल तर ती किती नोंदींपर्यंत, हे लिहावे. उदाहरणार्थ, महिन्याला २०० व्हाउचरांपर्यंत ठरलेली फी आणि पुढच्या प्रत्येक ५० व्हाउचरांना ठरलेली वाढ. दिवाळीत किंवा लग्नसराईत नोंदी दुपटीवर जातात, तेव्हा वाढीव फी मागण्याचा संकोच यामुळे राहत नाही. फी कोणत्या तारखेला देय, आगाऊ की महिना संपल्यावर, सॉफ्टवेअरच्या परवान्याचा आणि प्रवासाचा खर्च कोणाचा, दरवर्षी १ एप्रिलला फेरविचार होणार का, हे सर्व एकाच ठिकाणी यावे. हिशेबनिसाची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की त्याला जीएसटी नोंदणी घ्यावी लागते आणि फीवर १८ टक्के कर लागतो. म्हणून ‘जीएसटी लागू असल्यास वेगळा’ हे शब्द पहिल्या दिवसापासून असावेत. ग्राहकाला टीडीएस कापणे बंधनकारक असेल तर सांगितलेली फी कपातीपूर्वीची आहे, हेही लिहावे.

फी थकली तर काय, याचे उत्तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ मध्ये आहे आणि ते बऱ्याच हिशेबनिसांना माहीत नसते. सेवा देणारा व्यावसायिकही उद्यम पोर्टलवर विनाशुल्क नोंदणी करू शकतो. अशा सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे ग्राहकाने लेखी करारात ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात, आणि ती मुदत कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. ती उलटली की रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज देण्याचे बंधन कलम १६ घालते. वेळेत न दिलेली अशी रक्कम आकारणी वर्ष २०२४-२५ पासून ग्राहकाला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. वसुलीसाठी सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. या हक्कावर वाद नको असेल तर उद्यम नोंदणी करार होण्यापूर्वी करून तिचा क्रमांक करारात घालावा.

पासवर्ड आणि डिजिटल सहीचे कलम जुन्या नमुन्यांत नसते. आज त्याला पर्याय नाही. हिशेबनिसाच्या खणात दहा-बारा ग्राहकांचे डिजिटल सहीचे टोकन आणि त्यांवर चिकटवलेले पिन सापडणे, हे नेहमीचे दृश्य आहे. सहीची खाजगी किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी सहीधारकानेच घ्यायची, असे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४२ सांगते. म्हणून टोकन ग्राहकाकडेच राहावे. ते काही कारणाने द्यावे लागले तर दिल्या-घेतल्याची तारखेसह नोंद व्हावी. पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल आणि ई-मेल ग्राहकाचाच असावा. सोयीसाठी हिशेबनिसाचा क्रमांक टाकला जातो आणि काम सुटल्यावर ओटीपी कोणाकडे जाणार यावरून सारा व्यवहार अडून बसतो. ग्राहकाच्या बँक खात्यातून पैसे पाठवण्याचा अधिकार हिशेबनिसाकडे नसावा, खात्याचे विवरण पाहण्यापुरताच प्रवेश असावा.

गोपनीयतेचे बंधन दोन्ही बाजूंना वाजवी असावे. एकाच पेठेतल्या दोन स्पर्धक दुकानांचे हिशेब एकच हिशेबनीस लिहीत असेल तर एकाचे दर, पुरवठादार आणि उधारी दुसऱ्याच्या कानावर जाणार नाही, ही हमी त्याने द्यावी आणि ती काम संपल्यावरही टिकावी. काम सुटल्यावर त्याने त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कोणाचे काम घेऊ नये, ही अट मात्र करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही, कारण धंदा-व्यवसायाला प्रतिबंध करणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल ठरतो. पगारपत्रकातले कामगारांचे आधार क्रमांक, बँक खाती, पत्ते ही व्यक्तिगत माहिती आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये अशी माहिती दुसऱ्याकडून हाताळून घेताना वैध कराराची अपेक्षा आहे. लेखी करार करण्याचे हेही एक कारण.

वही कोणाची, हे स्पष्ट असावे. नोंदी हिशेबनिसाने केल्या तरी पुस्तके ग्राहकाची आणि ती जपण्याचे कायदेशीर बंधनही ग्राहकावर. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने, तर कंपनीची पुस्तके आठ वर्षे जपावी लागतात. त्यासाठी महिन्यातून किमान एकदा डेटाचा बॅकअप ग्राहकाच्या ताब्यात जावा. ग्राहक कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाचा माग ठेवणारे सॉफ्टवेअर बंधनकारक आहे, तेव्हा तसे परवानाधारक सॉफ्टवेअर कोण पुरवणार हेही ठरावे.

एकट्याने काम करणारी व्यक्ती आजारी पडते, बाळंतपणाची रजा घेते, कधी तिच्या घरात अडचण येते. अशा वेळी काम कोण पाहणार, त्या व्यक्तीला ग्राहकाची संमती हवी का आणि तिच्यावरही गोपनीयतेचे बंधन राहील का, हे आधीच ठरवावे. घरून हे काम करणाऱ्या स्त्रियांसाठी या कलमाचे मोल विशेष आहे, कारण पर्यायी व्यवस्था लिहिलेली नसेल तर चार आठवड्यांच्या रजेत वर्षानुवर्षांचा ग्राहक तुटतो.

करार संपवण्याचे कलम दोघांचेही मन शांत असतानाच लिहून ठेवायचे असते. दोन्ही बाजूंना एक महिन्याची लेखी सूचना पुरेशी असते. विवरणाच्या तारखेच्या तोंडावर काम सोडता येऊ नये म्हणून तो महिना २० तारखेनंतर सुरू व्हावा. हस्तांतराच्या यादीत डेटाचा ताजा बॅकअप व त्याचा पासवर्ड, शेवटच्या तारखेपर्यंतची बँक जुळणी, तेरीज, भरलेल्या विवरणांच्या पोचपावत्या, प्रलंबित नोटिशी आणि मूळ कागद असावेत, आणि यादीवर दोघांच्या सह्या व्हाव्यात. थकलेल्या फीसाठी कागद अडवून धरण्याची सवय सोडायला हवी. करार कायद्याचे कलम १७१ काही मोजक्या व्यवसायांना थकबाकीपोटी वस्तू रोखून धरण्याचा सर्वसाधारण हक्क देते, त्यांत हिशेबनीस नाही. कागद अडले तर ग्राहकाची तारीख चुकते आणि हिशेबनिसाची बाजू कमकुवत होते. फीसाठी वरचा २००६ च्या कायद्याचा मार्ग आहे, शिवाय काम झाल्यापासून साधारणतः तीन वर्षांत दिवाणी दावाही करता येतो. वाद झाल्यास आधी संघटनेच्या मध्यस्थाकडे जावे आणि तिथे न मिटल्यास कोणत्या गावच्या न्यायालयात जायचे, हे शेवटी लिहावे.

करारावर दोघांच्या सह्या, तारीख आणि प्रत्येक पानावर आद्याक्षरे घ्यावीत व एकेक प्रत दोघांकडे राहावी. महाराष्ट्रात अशा सर्वसाधारण करारासाठी ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० रुपयांचे मुद्रांक शुल्क लागते. मुद्रांक नसल्याने करार रद्द होत नाही, मात्र शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो न्यायालयात पुरावा म्हणून घेतला जात नाही. ई-मेलवर पाठवलेला प्रस्ताव आणि त्यावर आलेली स्पष्ट स्वीकृती यांतूनही वैध करार होतो, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम १०अ तशी मान्यता देते. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षे तोंडी व्यवहार चालू आहे, त्यांनी येत्या १ एप्रिलपासून व्याप्ती, तारखा आणि फी एवढी तीन कलमे लिहिलेले एक पान घेऊन सुरुवात केली तरी चालेल. पुढची कलमे दुसऱ्या वर्षी जोडता येतात.

हे काम एकेकट्या हिशेबनिसावर सोडले तर होणार नाही. नवीन ग्राहकापुढे कराराचा कागद ठेवणाऱ्याला ‘आमच्यावर विश्वास नाही का’ असे विचारले जाते आणि गरजू माणूस कागद परत पिशवीत ठेवतो. तोच कागद संघटनेच्या नावाने आला तर प्रश्न विश्वासाचा राहत नाही, तो धंद्याच्या रीतीचा होतो. म्हणून संघटनांकडून तीन गोष्टींची अपेक्षा आहे. वरील कलमांचा मराठी नमुना वकील व सीए यांच्याकडून तपासून सभासदांना विनामूल्य द्यावा. कायद्यातील तारखा व दर बदलतील तसे त्याचे परिशिष्ट दरवर्षी मार्चमध्ये सुधारावे. फी आणि हस्तांतराच्या तक्रारींसाठी प्रत्येक जिल्ह्यात एक मध्यस्थ नेमावा. यासाठी सरकारी मंजुरीची गरज नाही आणि खर्चही फारसा नाही. कार्यकारिणीच्या एका बैठकीत हा ठराव होऊ शकतो, तो व्हावा, ही विनंती.

कळावे,
स्वतंत्र हिशेबनिसांपैकी एक